कान तयार होताना

२० जानेवारी २०२० रोजी न्यूयॉर्कमध्ये एका बैठकीत असताना क्लेमन्सी बर्टन-हिल अचानक कोसळल्या. वय ३८. मेंदूत मोठा रक्तस्राव झाला होता. त्यांच्या मेंदूत धमन्या आणि शिरा यांचा एक सदोष गुंता होता. अशा गुंत्यात रक्त बारीक केशवाहिन्यांतून न जाता धमनीतून थेट शिरेत जाते, दाब वाढतो आणि एखाद्या दिवशी भिंत फुटते. अनेकांना तोपर्यंत काहीही जाणवत नाही. तातडीने शस्त्रक्रिया झाली, कवटीचा काही भाग काढावा लागला. १७ दिवस त्या कोमात होत्या. शुद्धीवर आल्या तेव्हा बोलता येत नव्हते.

बोलणे हाच त्यांचा व्यवसाय होता. बीबीसीच्या ‘रेडिओ ३’ वाहिनीवर पाश्चात्त्य अभिजात संगीताचे कार्यक्रम सादर करणारा त्यांचा आवाज ब्रिटनमध्ये परिचित होता. त्या स्वतः व्हायोलिन वाजवत. २०१७ मध्ये त्यांचे ‘इयर ऑफ वंडर’ हे पुस्तक आले. त्याची कल्पना साधी होती : वर्षाच्या प्रत्येक दिवसासाठी एक रचना आणि तिच्याविषयी थोडी माहिती. मध्ययुगापासून आजपर्यंतचे संगीतकार त्यात होते. मोझार्ट, बीथोवन यांच्याबरोबर सामान्य श्रोत्याने नावही न ऐकलेले अनेक जण होते. स्वयंपाक करताना, प्रवासात, कसेही ऐका, पण रोज ऐका, असा त्यामागचा आग्रह.

तेव्हापासून असे वर्षभराचे संकल्प अनेकांनी केले. रोज एक अनोळखी संगीतकार ऐकायचा. अशा संकल्पात पहिले काही दिवस उत्साहाचे असतात. मग लक्षात येते की निम्म्याहून अधिक गोष्टी डोक्यावरून जात आहेत. इथे बरेच जण थांबतात आणि ‘हे आपल्यासाठी नाही’ असे ठरवून टाकतात. मराठीत याला एक नेमका शब्दप्रयोग आहे : कान तयार नाही. कान तयार होतो म्हणजे मेंदूत नेमके काय होते, याचा शोध गेली काही दशके घेतला जात आहे.

पुढचा सूर कोणता?

संगीत ऐकताना मेंदू सतत अंदाज बांधत असतो. हा सूर लागला, आता पुढे कोणता येईल? लय कुठे टेकेल? आयुष्यभर ऐकलेल्या संगीतातून हे अंदाज नकळत तयार झालेले असतात. ख्याल ऐकणाऱ्याला सम जवळ आल्याचे आधीच जाणवते आणि नेमक्या जागी मान डोलते. ज्याने ख्याल कधी ऐकलाच नाही, त्याला तीच जागा इतर जागांसारखीच वाटते. अनोळखी संगीतात अंदाज बांधायला आधारच नसतो. म्हणून ते कंटाळवाणे किंवा गोंगाटासारखे वाटते. त्यात संगीताचा दोष नाही, ऐकणाऱ्याचाही नाही.

हा आधार किती लवकर तयार होऊ शकतो, हे सायकी लुई आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या एका प्रयोगातून दिसले. त्यांनी अशी स्वरपट्टी निवडली जी बहुतेकांच्या कानावर कधीच पडलेली नसते. नेहमीच्या सप्तकात तार षड्जाची कंपनसंख्या मध्य षड्जाच्या दुप्पट असते आणि मधल्या अंतरात १२ स्वरस्थाने मानतात. ‘बोलेन-पीअर्स’ नावाच्या या पट्टीत कंपनसंख्या तिप्पट होते आणि त्या अंतराचे १३ भाग पडतात. या पट्टीत ठरावीक नियमांनी रचलेल्या धुना लोकांना २५ ते ३० मिनिटे नुसत्या ऐकवल्या. कोणताही नियम समजावून सांगितला नाही. तरीही ऐकणाऱ्यांना नियमांत बसणाऱ्या नव्या धुना ओळखता येऊ लागल्या. शिवाय ज्या धुना पुन्हा पुन्हा ऐकवल्या गेल्या, त्या अधिक आवडू लागल्या. हा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला.

परिचयातून आवड निर्माण होते, हे रॉबर्ट झायोंक या मानसशास्त्रज्ञाने १९६८ मध्येच दाखवले होते. निरर्थक शब्द, अनोळखी लिपीतील चिन्हे, परक्या माणसांची छायाचित्रे : जे जास्त वेळा समोर आले ते लोकांना अधिक बरे वाटले. मात्र याला मर्यादा आहे. टोरोंटो विद्यापीठातील डॅनियल बर्लाइन यांनी १९७० च्या दशकात मांडलेल्या विचारानुसार आवडीचा आलेख डोंगरासारखा असतो. अगदी अनोळखी गोष्ट नकोशी, ओळख वाढली की हवीशी आणि अति झाली की पुन्हा कंटाळवाणी. लग्नसराईत रोज कानावर आदळणाऱ्या गाण्याचे काय होते, हे प्रत्येकाला ठाऊक आहे.

नव्या सुराची किंमत

आवडले म्हणजे मेंदूत काय झाले? मॉन्ट्रियल येथील मॅकगिल विद्यापीठात व्हॅलरी सालिमपूर आणि रॉबर्ट झाटोरे यांनी त्यासाठी लिलावाची युक्ती वापरली. १९ जणांना मेंदूचे चित्रण करणाऱ्या यंत्रात ठेवून त्यांनी पूर्वी न ऐकलेल्या ६० रचनांचे तुकडे ऐकवले. प्रत्येक तुकड्यानंतर, ही रचना विकत घ्यायला किती पैसे द्याल, असे विचारले. सर्वाधिक बोली दोन डॉलरची. ज्या तुकड्यावर बोली मोठी लागली, तो ऐकताना मेंदूच्या खोल भागातील ‘न्यूक्लिअस अॅक्युम्बेन्स’ हे केंद्र अधिक सक्रिय होते. भूक लागली असताना मिळालेले अन्न, अनपेक्षित मिळालेले पैसे अशा सुखद गोष्टींनाही हे केंद्र प्रतिसाद देते.

महत्त्वाची गोष्ट पुढेच होती. रचना जितकी आवडली, तितका या सुखकेंद्राचा आणि मेंदूतील श्रवणकेंद्राचा परस्परसंवाद वाढलेला दिसला. पूर्वी ऐकलेल्या सुरांचे संस्कार या श्रवणकेंद्रात साठलेले असतात. म्हणजे नवे संगीतही आपण जुन्या साठ्याच्या आधारेच चाखतो. प्रत्येकाचा साठा वेगळा, म्हणून आवड वेगळी. आणि साठा वाढवता येतो, म्हणून आवडही वाढू शकते.

हुशारी वाढत नाही

अशा संकल्पाशी काही चुकीच्या अपेक्षाही जोडल्या जातात. १९९३ मध्ये कॅलिफोर्नियातील संशोधकांनी ३६ विद्यार्थ्यांना मोझार्टची दोन पियानोंसाठीची एक रचना दहा मिनिटे ऐकवली. आकृत्यांविषयीच्या चाचणीत त्यांना थोडे जास्त गुण मिळाले. हा परिणाम १०-१५ मिनिटेच टिकला होता. पण त्यातून ‘मोझार्ट ऐका, बुद्धी वाढवा’ असा बाजार उभा राहिला, गर्भातील बाळांसाठी ध्वनिफिती विकल्या गेल्या. २०१० मध्ये व्हिएन्ना विद्यापीठातील संशोधकांनी सुमारे ४० अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा मोझार्टच्या संगीताने बुद्धी वाढते याला आधार मिळाला नाही.

आजारात होणारा उपयोग मात्र अधिक गांभीर्याने घेण्यासारखा आहे. फिनलंडमध्ये टेप्पो सार्कामो यांच्या गटाने पक्षाघाताच्या ६० रुग्णांचे तीन गट केले. एका गटाने दोन महिने रोज किमान तासभर आवडीचे संगीत ऐकले, दुसऱ्याने पुस्तकांचे ध्वनिमुद्रित वाचन, तिसऱ्याने काहीच विशेष नाही. नेहमीचे उपचार सर्वांना सारखेच होते. तीन महिन्यांनंतर शब्द लक्षात ठेवण्याची क्षमता संगीताच्या गटात ६० टक्क्यांनी सुधारली होती. इतर दोन गटांत १८ आणि २९ टक्क्यांनी. संगीत ऐकणाऱ्यांमध्ये उदासीही कमी दिसली. हा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. रुग्णसंख्या लहान होती, त्यामुळे संगीताला औषधाचा पर्याय मानणे चूक ठरेल. जोड म्हणून मात्र ते स्वस्त आणि निर्धोक आहे.

वाचाघात झालेल्या, म्हणजे बोलण्याची क्षमता गमावलेल्या काही रुग्णांना ओळखीचे गाणे शब्दांसह म्हणता येते, हे डॉक्टरांनी फार पूर्वीपासून पाहिले आहे. त्यावरूनच १९७० च्या दशकात बोस्टनमध्ये, छोटी वाक्ये सुरात म्हणवून घेत बोलण्याकडे नेणारी उपचारपद्धती विकसित झाली. स्पीच थेरपिस्ट आजही ती निवडक रुग्णांसाठी वापरतात.

या दोन्ही ठिकाणी एक गोष्ट समान आहे. उपयोगी पडते ते ओळखीचे संगीत. मग अनोळखी संगीतकार कशासाठी ऐकायचे? कारण आज ओळखीचे असलेले प्रत्येक गाणे कधी तरी अनोळखीच होते. हा साठा आजारपणात नव्याने गोळा करता येत नाही. तो धडधाकट असतानाच होतो.

वर्षभर कसे ऐकावे?

लंडनमधील फिलिपा लाली यांच्या अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. कोणाला १८, तर कोणाला २५४ इतके लागतील असा अंदाज निघाला. एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडले नाही. त्यामुळे खाडा झाला म्हणून संकल्प सोडण्याचे कारण नाही. रोजच्या ठरलेल्या कामाला, सकाळच्या चहाला किंवा संध्याकाळच्या फेरफटक्याला, ऐकणे जोडून घेतले की ते टिकते.

रोज नवा संगीतकार ऐकण्याने कानावर विविधता पडते, पण आवड रुजायला पुनरावृत्ती लागते. म्हणून आठवड्यात चार-पाच नवी नावे आणि उरलेले दिवस त्यातल्याच एखाद्या रचनेकडे परतणे, ही वाटणी अधिक फलदायी. सुरुवातीला पाच-सात मिनिटांच्या रचना घ्याव्यात. एका वेळी एकाच गोष्टीकडे लक्ष द्यावे : कोणती सुरावट परत येते? कोणते वाद्य पुढे येते? संगीतकाराविषयी दोन ओळी वाचल्या तरी कानाला पकडायला काही मिळते. उदाहरणार्थ, फ्लोरेन्स प्राइस या कृष्णवर्णीय अमेरिकी संगीतकार महिलेची सिंफनी १९३३ मध्ये शिकागोच्या वाद्यवृंदाने वाजवली. नंतर त्या विस्मरणात गेल्या आणि २००९ मध्ये इलिनॉयमधील एका ओसाड घरात त्यांच्या हस्तलिखितांचा ढीग सापडला. अनोळखी म्हणजे कमी दर्जाचे, असे नव्हे. हीच रीत न ऐकलेल्या रागाला किंवा घराण्यालाही लागू पडते.

इअरफोन वापरणाऱ्यांनी आवाजाकडे लक्ष द्यावे. प्रौढांसाठी ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत सुरक्षित, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आवाज वाढवला की ही वेळ झपाट्याने कमी होते. कान तयार करण्याच्या नादात कानच गमावू नयेत.

आणखी एक. काही मोजक्या लोकांना ऐकू नीट येत असूनही कोणतेच संगीत सुख देत नाही. बार्सिलोनातील संशोधकांनी २०१४ मध्ये याची नोंद केली. त्यांच्यासाठी हा संकल्प केवळ जाच ठरेल. तसे असेल तर खुशाल सोडून द्यावा.

बर्टन-हिल यांना शब्द पुन्हा शिकावे लागले आणि वाचाघाताशी त्यांची झुंज दीर्घकाळ चालली. तरी २०२१ मध्ये ‘अनदर इयर ऑफ वंडर’ प्रसिद्ध झाले. आणखी एका वर्षासाठी, पुन्हा रोज एक रचना.