शिरा घ्यायचा की नाही?

शेजारच्या काकूंकडे सत्यनारायण झाला की सोलापुरात सात रस्त्यावरच्या आमच्या घरी वाटीभर शिरा येतो. आम्ही ख्रिस्ती, मग तो खावा का? हा पेच फक्त सोलापुरातला नाही, फार जुना आहे. पहिल्या शतकात करिंथ शहरातले विश्वासणारे मूर्तीला वाहिलेल्या मांसावरून असेच अडले होते. करिंथकरांस पहिल्या पत्रात, 8व्या आणि 10व्या अध्यायांत, पौल म्हणतो की अन्नामुळे कुणी देवाच्या जवळ जात नाही. पण आपल्या खाण्याने दुसऱ्याचा विश्वास डळमळत असेल, तर हात आवरावा. मूर्तीच्या पंक्तीला बसायला मात्र तो मनाई करतो. म्हणून तेच पत्र वाचून एक घर शिरा खातं, दुसरं नको म्हणतं.

मी खाते. पूजेला बसत नाही, हे काकूंना ठाऊक आहे. त्याही नाताळात आमच्या करंज्या खातात, उपासनेला येत नाहीत. माझी जाऊ नुकतीच विश्वासात आली आहे. ती घरी असली की मी वाटी झाकून ठेवते. तिला दुबळी म्हणायचं नाही, एवढं मात्र पाळते.

अशी ये-जा आमच्यात नवी नाही. कवी नारायण वामन टिळक 1895 साली ख्रिस्ती झाले. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते सांगत. 1917 साली त्यांनी काढलेल्या ‘देवाचा दरबार’ या ख्रिस्तभक्तांच्या संघात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा होती. आमच्यातल्या काहींना हे जरा अतीच मोकळं वाटतं. रविवारी पेटीवर भजनं मात्र सगळे टिळकांचीच म्हणतात.