तोरणमाळचा पाण्याचा तक्ता

“आजोबा, तुम्ही कधी तंबूत झोपला आहात का?” गेल्या उन्हाळ्यात आठ वर्षांच्या नातीने दूरध्वनीवरून हा प्रश्न विचारला, तेव्हा “नाही” एवढेच उत्तर माझ्याजवळ होते. बँकेच्या नोकरीत बदल्या पुष्कळ झाल्या; परंतु प्रत्येक गावी डोक्यावर छप्पर होते. मुलगा आणि सून पुण्यास असतात. सुट्टीत नातवंडे नंदुरबारला येतात, कूलरसमोर बसून मोबाईल पाहतात आणि परत जातात. या खेपेस सर्वांनी मिळून तोरणमाळला तीन रात्री तंबूत राहावे, असे ठरले.

तोरणमाळ आपल्याच जिल्ह्यात, अक्राणी तालुक्यात, सातपुड्याच्या माथ्यावर आहे. नंदुरबारहून पहाटे निघालो. प्रकाशाला तापी-गोमाईचा संगम ओलांडून शहादा गाठले आणि ऊन तापण्यापूर्वी घाट चढून गेलो. लहान मुलांना घाटात मळमळते, म्हणून निघताना त्यांना पोटभर खाऊ न देता कोरडा खाकरा दिला होता. त्याचा उपयोग झाला.

वाचकांपैकी ज्यांना हा बेत करावासा वाटेल, त्यांच्यासाठी एक खुलासा करतो. ‘थंड हवेचे ठिकाण’ या शब्दांनी फसू नये. तोरणमाळ समुद्रसपाटीपासून सुमारे ११५० मीटर उंचीवर आहे. हजार मीटर चढल्यावर तापमान साधारण ६ अंशांनी उतरते. खाली पारा ४२ वर असेल, तर वर दुपारी ३६ च्या आसपास असणारच. रात्र मात्र सुखद असते. हवा कोरडी असल्यामुळे घाम अंगावरच वाळतो आणि शरीरातील पाणी किती गेले, हे कळत नाही.

रानात कोठेही तंबू ठोकण्याचा हट्ट आम्ही धरला नाही. एका निवासाच्या आवारात परवानगी घेऊन दोन तंबू लावले आणि शेजारचीच एक खोली घेतली. सौभाग्यवतींचे गुडघे दुखतात. जमिनीवरून उठणे त्यांना जड जाते. त्यांच्यासाठी तंबूच्या दाराशी खाट टाकली. खोलीमुळे शौचालयाची सोय झाली. आजी-आजोबांना बरोबर न्यायचे असेल, तर या दोन गोष्टी आधी पाहाव्यात, निसर्गसौंदर्य नंतर.

आपल्या घरातील रोजच्या सवयी तेथे किती उपयोगी पडतात, याचे मला आश्चर्य वाटले. तंबू लावण्यापूर्वी सौभाग्यवतींनी मऊ केरसुणीने जागा झाडली. जयणा पाळण्यासाठी, मुंगीही चिरडू नये म्हणून केलेली ही गोष्ट. पण त्यामुळे दगडाखालचा विंचूही वेळीच दिसला आणि सुपलीवर घेऊन दूर सोडता आला. बूट झटकल्याशिवाय पायात घालायचे नाहीत, हे मग मुलांना सांगावे लागले नाही. पाणी गाळून, उकळून घेतल्यामुळे कोणाचे पोट बिघडले नाही. मे महिन्यात सूर्य सातच्या सुमारास मावळतो. साडेपाचलाच मुगाची खिचडी शिजे, सहापर्यंत जेवणे होत आणि भांडी घासून ठेवली जात. दिव्यावर किडे येण्याची वेळ होई, तेव्हा आमचे अन्न उघडे नसे. रानात पाचोळा वाळलेला असतो, म्हणून शेकोटी केली नाही. काळोखात आजी खाटेवर बसून गोष्टी सांगत आणि मुले आकाशाकडे पाहत ऐकत. पुण्यात एवढे तारे का नसतात, असे नातवाने विचारले.

सकाळी यशवंत तलावाच्या काठाने हिंडलो. वाटेत एका पावरा कुटुंबाच्या अंगणात कैऱ्यांच्या फोडी उन्हात पसरलेल्या दिसल्या. आपल्या स्वयंपाकघरातील आमचूर अशा फोडी वाळवून होतो, हे नातीला तेथे कळले. बरणीखेरीज त्याचे दुसरे रूप तिने पाहिलेच नव्हते.

उन्हाचा धोका मी ओळखून होतो. म्हणून एका कागदावर तक्ता आखला होता. सकाळी सातपासून संध्याकाळी सहापर्यंत दर तासाला प्रत्येक मुलाने पाणी, पन्हे किंवा ताक घ्यायचे आणि नावापुढे खूण करायची. आयुष्यभर खातेवह्या तपासलेला मनुष्य मी. एकही खूण चुकू दिली नाही.

त्या तक्त्यात माझे नाव नव्हते.

दुसऱ्या रात्री दोनच्या सुमारास लघुशंकेसाठी उठलो. उभा राहताच डोळ्यांपुढे अंधारी आली आणि तंबूच्या दारातच मी खाली बसलो. नात जागी झाली. ती रडली नाही, ओरडली नाही. तिने आजीला हलवून उठवले. मुलाने मला आडवे करून पाय उशीवर उंच ठेवले. सुनेने साखर-मीठ घातलेले पाणी पुढे केले, तेव्हा मी मान फिरवली. माझे चौविहाराचे पच्चक्खाण होते.

सौभाग्यवतींचे व्रताचरण माझ्याहून कितीतरी कडक आहे. त्या शांतपणे म्हणाल्या, “पच्चक्खाणात आगार असतात, ते कशासाठी सांगितले आहेत? प्रकृती बिघडून मनाची समाधी ढळत असेल, तर औषध घेण्याची सवलत त्यातच दिली आहे. हे औषध समजून घ्या. आणि तुम्ही दिवसभर पाणी का प्यायला नाहीत, ते आधी सांगा.”

खरे कारण सांगताना संकोच वाटला. वारंवार खोलीकडे जावे लागू नये, म्हणून मी पाणी टाळत होतो. मी पाणी प्यालो. अर्ध्या तासाने बरे वाटले. छातीत दुखले असते किंवा बोलणे अडखळले असते, तर तेव्हाच निघावे लागले असते. तसे काही नसल्यामुळे उजाडेपर्यंत थांबलो. सकाळी सामान आवरले आणि खाली उतरलो. सीताखाई पाहायची राहिली. नातू शहाद्यापर्यंत रुसून बसला होता.

डॉक्टरांनी तपासून जे सांगितले, ते समवयस्क वाचकांसाठी लिहितो. वय वाढते तशी तहानेची जाणीव मंदावते. म्हणून तहान लागण्याची वाट पाहू नये. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी लघवी वाढते आणि उन्हाळ्यात शरीर लवकर कोरडे पडते. अशी गोळी मनाने बंद करू नये. प्रवासापूर्वी डॉक्टरांना विचारावे. रात्री उठताना आधी मिनिटभर बसावे, मग उभे राहावे. जलसंजीवनीची पाकिटे जवळ ठेवावीत. नसल्यास एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा छोटे चमचे साखर आणि अर्धा छोटा चमचा मीठ घालावे. मात्र मधुमेह वा रक्तदाब असणाऱ्यांनी हे पेय रोजच्या पाण्याऐवजी घेऊ नये.

चौविहार करणाऱ्यांनी दिवसा पुरेसे पाणी घेण्याची शिस्त पाळावी. प्रकृती साथ देत नसेल, तर रात्री पाण्याची मोकळीक असलेला तिविहारही आहे. त्याबाबत गुरुमहाराजांचे मार्गदर्शन घ्यावे. त्यात कमीपणा नाही. मला मात्र तो वाटत होता, हे कबूल केले पाहिजे. नातवंडांसमोर आपण अजून धडधाकट आहोत, हे दाखवण्याची हौस माझ्या नियमात मिसळलेली होती.

परतताना गाडीत नातीने तो कागद मागून घेतला. दोन नावांखाली तिने पट्टी न वापरता वाकडीतिकडी रेघ ओढली, तिच्यापुढे ‘आजोबा’ लिहिले, त्याखाली ‘आजी’ लिहिले आणि पाण्याची बाटली माझ्या हाती दिली. मी प्यायल्यावर तिने खूण केली.

यंदा पुन्हा जाण्याचे ठरत आहे. सीताखाई पाहायची आहे. तक्ता तिने पुण्याहूनच आखून पाठवला आहे.