टपालाला चुकवून गेलेला ई-मेल

मोरगावहून बारामतीला निघालेल्या पाहुण्याच्या हाती "एवढी चिठ्ठी पोचती करा" म्हणून कागद देणे कायदेशीर होते का? १८९८च्या टपाल कायद्याने या प्रश्नाचा खरोखरच विचार केला होता. पत्रे वाहून नेण्याचा हक्क एकट्या सरकारचा, असे त्याचे कलम ४ सांगे. मात्र वाटेने जाणारा स्नेही फुकटात पत्र पोचवणार असेल, तर त्याला मोकळीक होती. पैसे घेऊन हेच केले, की सरकारच्या हक्कावर अतिक्रमण. पुढे कुरिअरवाल्यांनी पत्राला 'डॉक्युमेंट' म्हणत या कलमाला सर्रास वळसा घातला.

ई-मेलही निरोपच. तरी तो पोस्टाच्या वाट्याला आला नाही.

अमेरिकेच्या टपालखात्याने प्रयत्न करून पाहिला. १९८२मध्ये त्याने 'ई-कॉम' सुरू केले: कंपन्यांनी संगणकावरून मजकूर धाडायचा, पोस्टाने तो कागदावर छापून घरोघर वाटायचा. नियामकांशी वाद आणि तोटा, दोन्ही वाढत गेले. १९८५मध्ये योजना गुंडाळली. त्याच वर्षी भारतात डाक-तार खात्याची वाटणी झाली आणि तारा दूरसंचार विभागाकडे गेल्या. ई-मेल तारेवरून धावणारा, त्यामुळे त्याच्यावर हुकूम चालला तो १८८५च्या तार कायद्याचा. म्हणजे शंभरी गाठलेला कायदा, आणि कारभार परवान्याचा.

१९९२मध्ये खासगी कंपन्यांना खुल्या झालेल्या 'मूल्यवर्धित' सेवांत रेडिओ पेजिंगच्या जोडीला ई-मेलही होता. परवान्याचे वार्षिक शुल्क मात्र लाखांत. घरच्या फोनवर हौसेने संगणकी निरोपफलक चालवणाऱ्यांना ते कुठून झेपणार? त्यांनी ओरड केली, ती रास्तच होती. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने मुंबईसह मोजक्या महानगरांत सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले. ई-मेलसारख्या इलेक्ट्रॉनिक नोंदींना कायद्याची मान्यता मिळाली ती २०००च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने.

पोस्टाने उशिरा का होईना, हात मारला. २००४च्या 'ई-पोस्ट'मध्ये मजकूर संगणकावरून जाई आणि छापील कागद पोस्टमन दारी आणून देई. थोडक्यात, 'ई-कॉम'चीच भारतीय आवृत्ती.

२०२३मध्ये संसदेने दोन्ही जुन्या कायद्यांच्या जागी नवे कायदे संमत केले. जून २०२४पासून लागू झालेल्या टपाल कायद्यात पत्रांवरचा सरकारी मक्ता उरला नाही. सुरक्षेच्या कारणासाठी टपाल अडवून उघडण्याचा अधिकार मात्र कलम ९ने सरकारकडेच ठेवला आहे.