समुद्रातल्या मृतांचं काय?

जालन्याजवळ बेथेल ही ख्रिस्ती वस्ती वसवणारे रेव्हरंड नारायण शेषाद्री १८९१ मध्ये समुद्रप्रवासात वारले. त्यांचा बाप्तिस्मा १८४३ मध्ये मुंबईत झाला होता. जन्माने ब्राह्मण असलेल्या या माणसाने जालना परिसरात प्रामुख्याने मांग समाजात काम केलं, ही फार मोठी गोष्ट.

पण समुद्रात वारलेल्यांनाही पुनरुत्थानाची आशा आहे; त्यासाठी कबर लागतेच असं नाही. समुद्रही आपले मृत परत देईल, असं ‘प्रकटीकरण’ (२०:१३) सांगतं. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या १५व्या अध्यायात पौल पेरलेल्या बीजाचा दाखला देतो: नाशवंत देह जातो, अविनाशी उठतो. शेवटचा कर्णा वाजेल तेव्हा जिवंत असलेले विश्वासणारे मात्र मरणाविनाच, क्षणार्धात बदलतील.