'द डार्क नाइट'मधील जोकर : खलनायकाच्या अभिनयाचे आकलन

प्रस्तावना :
क्रिस्टोफर नोलन दिग्दर्शित 'द डार्क नाइट' (२००८) या सुपरहिरो चित्रपटातील हीथ लेजर या ऑस्ट्रेलियन अभिनेत्याची जोकरची भूमिका विशेष गाजली. मात्र या भूमिकेनेच अभिनेत्याचा बळी घेतला, अशी समजूतही रूढ झाली. ही समजूत तपासून भूमिकेमागील अभिनयकौशल्याचा उलगडा करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

विवेचन :
भरतमुनींनी सांगितलेल्या आंगिक, वाचिक, आहार्य व सात्त्विक या अभिनयप्रकारांच्या आधारे या भूमिकेचा विचार करता येतो. विस्कटलेला पांढरा रंग आणि ओठांच्या कडांपासून गालांपर्यंत गेलेले व्रण हे तिचे आहार्य होय. परंतु ओठांवरून वारंवार फिरणारी जीभ त्या व्रणांना आंगिक अभिनयाचा भाग बनविते. आवाजाची पट्टी एकाच वाक्यात खाली-वर होते. त्यामुळे पुढील शब्द कोणत्या सुरात येईल, याचा अंदाज बांधता येत नाही.

सात्त्विक अभिनय येथे सर्वांत कठीण आहे, कारण या पात्राला निश्चित भूतकाळच नाही. व्रण मद्यपी पित्याने केले, असे तो एकदा सांगतो; पत्नीसाठी आपण स्वतःच ते केले, असे दुसऱ्यांदा सांगतो. दोन्ही हकिगती परस्परविरोधी असूनही लेजर त्या सारख्याच तन्मयतेने सांगतात. परिणामी प्रेक्षकाला दुष्टतेचे कारण सापडत नाही आणि भीती तेथूनच निर्माण होते. चौकशीच्या दृश्यात मार खाताना तो हसतो, कारण गमावण्यासारखे त्याच्याजवळ काहीच नाही. चित्रपट मात्र त्याचे तत्त्वज्ञान मान्य करीत नाही : स्फोटके ठेवलेल्या दोन बोटींवरील प्रवासी एकमेकांचा जीव घेण्यास अखेर नकार देतात.

निष्कर्ष :
लेजर यांचे २२ जानेवारी २००८ रोजी वयाच्या २८ व्या वर्षी निधन झाले. अनेक औषधांच्या एकत्रित परिणामामुळे झालेला तो अपघाती मृत्यू होता, असे न्यूयॉर्कच्या वैद्यकीय तपासणीत निष्पन्न झाले. जोकरचे चित्रीकरण २००७ मध्येच पूर्ण झाले होते आणि ते दुसऱ्या चित्रपटात काम करीत होते. २००९ मध्ये त्यांना सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेत्याचे ऑस्कर मरणोत्तर प्रदान करण्यात आले. भूमिकेच्या तयारीसाठी त्यांनी एकांतात राहून दैनंदिनी लिहिली व आवाजाचे प्रयोग केले. दंतकथेत हे परिश्रम झाकले जातात. झपाटले जाणे म्हणजेच अभिनय, असा समज विद्यार्थ्यांत रुजू नये, यासाठी ही भूमिका कौशल्याचा नमुना म्हणून अभ्यासली जाणे आवश्यक आहे.