संगणक विषाणू व घरगुती संगणकाचे संरक्षण

वापरणाऱ्याच्या नकळत संगणकात शिरून स्वतःच्या प्रती निर्माण करणाऱ्या आज्ञावलीस संगणक विषाणू म्हणतात. प्रती न काढता केवळ पाळत ठेवून परवलीचे शब्द, बँकखात्याचा तपशील इ. बाहेर पाठविणारी ती हेर आज्ञावली होय. १९८६ मध्ये लाहोर येथे तयार झालेला ‘ब्रेन’ हा विषाणू फ्लॉपीमार्फत पसरे. आता प्रसार मुख्यतः इंटरनेटद्वारे होतो.

मे २०१७ मध्ये पसरलेला ‘वॉनाक्राय’ फायली कूटबद्ध करून खंडणी मागे. तो विंडोज प्रणालीतील ज्या दोषातून शिरला, त्याची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच प्रसृत केली होती. ती वेळीच न बसविलेले संगणक बळी पडले. म्हणून प्रणाली अद्ययावत ठेवणे हा विषाणुरोधक आज्ञावलीपेक्षाही आधीचा उपाय ठरतो. विषाणुरोधक आज्ञावली फायली ज्ञात विषाणूंच्या खुणांशी ताडून पाहते, काही प्रमाणात वर्तनावरूनही संशय घेते. खुणांची सूची जुनी असल्यास नवा विषाणू निसटू शकतो. फुकट देऊ केलेली अनोळखी विषाणुरोधक आज्ञावली तर कित्येकदा स्वतःच हेर असते.

महत्त्वाच्या फायलींची प्रत निराळ्या तबकडीवर घ्यावी व काम होताच ती तबकडी संगणकापासून अलग करावी. जोडलेली राहिल्यास तिच्यावरील फायलीही कूटबद्ध होऊ शकतात.