१३० रात्रींचा हंगाम: झाडीपट्टीच्या नाटकाचा हिशेब

भाऊबीज ते होळी या काळात १३० रात्री येतात. चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या धानपट्ट्यात झाडीपट्टी रंगभूमीचे नाटक जगते ते याच रात्रींवर. २०२३ मध्ये भाऊबीज १५ नोव्हेंबरला होती आणि पुढच्या वर्षी होळी २४ मार्चला आली: १३० दिवस. ३ नोव्हेंबर २०२४ ते १३ मार्च २०२५ हे अंतरही १३० दिवसांचे, आणि २३ ऑक्टोबर २०२५ ते २ मार्च २०२६ हेही तेवढेच. त्याआधीचे दोन हंगाम १३१ दिवसांचे होते.

हा योगायोग नाही. कार्तिक शुद्ध द्वितीयेपासून कार्तिक पौर्णिमेपर्यंत १३ तिथी होतात आणि तिथून फाल्गुन पौर्णिमेपर्यंत पुरते चार चांद्रमास. अधिकमास सहसा चैत्र ते आश्विन या महिन्यांत पडतो, त्यामुळे या चार महिन्यांत भर पडत नाही. पाऊस किती पडला, धानाला भाव काय मिळाला, निवडणूक आहे की नाही, यातल्या कशानेही हंगामाची लांबी बदलत नाही.

बदलते ती सुरुवात. २०२३ च्या तुलनेत २०२५ चा हंगाम २३ दिवस आधी सुरू झाला. खरिपाचे हलके धान ऑक्टोबरमध्ये कापणीला येते, भारी धान नोव्हेंबरच्या अखेरीपर्यंत शेतात उभे असते. भाऊबीज २३ ऑक्टोबरला आली की मंडई, म्हणजे गावजत्रा, भरते, पण धान अजून बांधीत असते आणि पैसा हातात आलेला नसतो. भाऊबीज १५ नोव्हेंबरला आली की निदान हलक्या धानाची मळणी उरकलेली असते. म्हणजे १३० रात्रींपैकी पैसे खेळते असणाऱ्या रात्री किती, हे दरवर्षी पंचांग ठरवते. एका हंगामाची दुसऱ्याशी तुलना करताना हा २३ दिवसांचा फरक वजा केला नाही, तर 'यंदा गर्दी कमी' हे वाक्य निरर्थक ठरते.

आता मुलूख. २०११ च्या जनगणनेनुसार चंद्रपूरची लोकसंख्या २२,०४,३०७ आणि गडचिरोलीची १०,७२,९४२. दोन्ही मिळून राज्याच्या २.९ टक्के लोक राज्याच्या ८.४ टक्के भूभागावर राहतात. राज्यात दर चौरस किलोमीटरला ३६५ माणसे, चंद्रपुरात १९३, गडचिरोलीत ७४. गडचिरोलीत शहरी लोकसंख्या ११ टक्के, आणि तीन चतुर्थांश जमीन वनखात्याच्या नोंदीत जंगल. या आकड्यांवरून तिकीट लावून चालणारी रंगभूमी इथे उभी राहील असे कोणी म्हणणार नाही. ती सगळीकडे उभी नाहीही. चंद्रपूरचा पश्चिम भाग, म्हणजे वरोरा, भद्रावती, राजुरा, हा कापसाचा आणि कोळशाचा. नाटकाचा पट्टा पूर्वेचा: ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, सावली, मूल, आणि वैनगंगेपलीकडे देसाईगंज, आरमोरी, कुरखेडा, गडचिरोली, चामोर्शी. पुढे उत्तरेला तो भंडारा-गोंदियात शिरतो. धानाच्या बांध्यांचा नकाशा आणि नाटकाचा नकाशा बऱ्याच अंशी एकमेकांवर बसतात.

व्यवसायाचे केंद्र चंद्रपूर शहर नाही आणि गडचिरोली शहरही नाही. ते आहे देसाईगंज, ज्याला सगळे वडसा म्हणतात. १९८२ मध्ये गडचिरोली जिल्हा वेगळा झाला, तेव्हा त्याच्या वाट्याला रेल्वेचे हेच एक स्थानक आले. गोंदिया-बल्लारशा मार्गावर उतरणाऱ्या कलावंताला वडशाहून चारी जिल्ह्यांत जाता येते. हंगामाच्या आधी कंपन्यांच्या कार्यालयांवर नव्या नाटकांचे फलक लागतात, गावोगावचे मंडळवाले येतात, फलकांवरची नावे वाचतात, कोणत्या कंपनीत यंदा कोणती नटी आहे याची चौकशी करतात आणि इसार देऊन तारीख पक्की करतात. कंपन्यांची संख्या पन्नासच्या आसपास सांगितली जाते.

कंपन्या नंतरच्या. मूळ नाटक हौशी. दंडार आणि खडी गंमत या रात्रभराच्या खेळांवर वाढलेल्या गावकऱ्यांनी मुंबई-पुण्याची छापील नाटके आणून स्वतः उभी केली. संगीत नाटकातली पदेही आपल्या गळ्याने म्हटली. कॉलेजातला रॉक बँड दुसऱ्यांची गाणी वाजवत वाजवत जसा हात बसवतो, तसा हा प्रकार. पुढे इथल्याच लेखकांनी नाटके लिहायला घेतली आणि उसनवारी कमी झाली. सिंदेवाही तालुक्यातल्या नवरगावचे श्री व्यंकटेश नाट्य मंडळ आणि तिथले लेखक-दिग्दर्शक सदानंद बोरकर ही या टप्प्याची ठळक नावे. हौशीपण अजून संपलेले नाही. अनेक गावांत पुरुषपात्रे गावचीच असतात आणि नटी, वादक, पडदे तेवढे बाहेरून येतात.

या रंगभूमीची कार्यपद्धती कळण्यासाठी दोन आकडे पुरतात. कुरखेडा तालुक्यातले नट परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांच्या कामाची नोंद आहे ५,००० हून अधिक प्रयोग आणि ८०० भूमिका. पहिला आकडा १३० ने भागला तर ३८ येतात: एकही रात्र न चुकवता ३८ हंगाम. दुसऱ्याने भागला तर सव्वासहा. एक भूमिका सरासरी सहा वेळा. मालवणी 'वस्त्रहरण'चेही पाच हजारांवर प्रयोग झाले, पण ते एकाच नाटकाचे. प्रयोगसंख्या सारखीच, धंदा मात्र वेगळा. मुंबईत एक संच घोटून तोच सगळीकडे फिरवतात. इथे संच दर दोन-चार रात्रींनी बदलू शकतो. (सरासरीत काही नाटके शंभर वेळा आणि काही एकदाच झालेली असतात, हे गृहीत धरावे.)

सहा प्रयोगांसाठी महिनाभर तालीम परवडत नाही. म्हणून प्रॉम्प्टर लागतो, आणि प्रेक्षकाला तो ऐकू आला तरी कोणाचे बिघडत नाही. म्हणूनच वादकही आयत्या वेळी साथ धरणारे लागतात. मंचाच्या पुढ्यात, खालच्या पातळीवर, प्रेक्षकांकडे पाठ करून ते बसतात: ऑर्गन, तबला, आणि आता ऑक्टोपॅड. ऑर्गनवाल्याची नजर नटाच्या तोंडाकडे असते. पद कोणत्या पट्टीत उचलले जाईल हे त्याला पहिल्या स्वरालाच कळावे लागते. लावणीला 'वन्स मोअर' आला की तबलजीने कुठून धरायचे, हे आधी ठरलेले नसते. चाल ओळखीची असेल तर हे जमते. झाडीपट्टीच्या गाण्यांत सिनेमाच्या चाली इतक्या का, यावर समीक्षक अभिरुचीचे कारण देतात. माझ्या मते कारण सव्वासहा हा आकडा आहे.

वेळेचा हिशेब अधिक चमत्कारिक आहे. प्रयोग रात्री दहाच्या सुमारास सुरू होतो आणि पहाटे पाचच्या आसपास संपतो. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार ध्वनिक्षेपकाला बंदी रात्री १० ते सकाळी ६. म्हणजे सात तासांचे नाटक पूर्णपणे बंदीच्या आठ तासांत बसते. राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस सूट देऊ शकते, तीही मध्यरात्री १२ पर्यंत. हे १५ दिवस १३० च्या साडेअकरा टक्के होतात, आणि त्यातले बरेचसे गणेशोत्सव, नवरात्र अशा हंगामाबाहेरच्या दिवसांना जातात. याच नियमांतल्या १०० मीटरच्या शांतता क्षेत्राने मुंबईत धोबीतलावचे रंगभवन हे खुले नाट्यगृह गप्प केले आणि तिथला रॉकचा मंचही गेला. झाडीपट्टीत नाटक चालू राहिले, कारण एका गावाला वर्षातून एक-दोनच रात्री ते सोसावे लागते, आणि सोसणारा स्वतः तिकीट काढून बसलेला असतो. पहाटेपर्यंत खेचण्यात एक सोयही आहे: जंगलातल्या रस्त्याने परतायचे तर उजाडलेले बरे.

नाटकाला निमित्त लागते, आणि जुने निमित्त शंकरपट. दिवसा बैलांची शर्यत, रात्री नाटक. २०११ च्या केंद्रीय अधिसूचनेपासून शर्यती अडचणीत आल्या आणि ७ मे २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने बंद झाल्या. महाराष्ट्राला सशर्त परवानगी मिळाली १६ डिसेंबर २०२१ ला, म्हणजे त्या हंगामाचे ४० दिवस उलटल्यावर. मधले सात हंगाम पटाविना गेले. त्या काळात नाटक थांबले नाही; मंडई आणि गावातल्या मंडळांनी जागा भरून काढली. जोडीतला एक गेला तरी दुसरा चालला, यावरून कोण कोणाच्या आधाराने उभे होते याचा अंदाज येतो.

कोविडचा हिशेब उलटा. २०२० ची होळी ९ मार्चला होती, टाळेबंदी २५ मार्चला लागली. १६ दिवसांच्या फरकाने २०१९-२० चा हंगाम वाचला. पुढचा विस्कटला. नाट्यगृहांना निम्म्या क्षमतेची मुभा ५ नोव्हेंबर २०२० ला मिळाली, भाऊबीज होती १६ नोव्हेंबरला. पण ज्या तारखा आधीच पक्क्या व्हायला हव्या होत्या, त्या अकरा दिवसांत कशा होणार?

उरला पैसा. झाडीपट्टीची उलाढाल कोटींत सांगितली जाते, आणि दोन बातम्यांतले आकडे जुळत नाहीत. न जुळण्याला कारण आहे. नाटकाच्या ५०० रुपयांपर्यंतच्या तिकिटावर वस्तू व सेवा कर नाही, इथले तिकीट त्याच्या बरेच खाली असते, आणि प्रत्येक गावचे मंडळ आपला हिशेब आपल्यापाशी ठेवते. सरकारी कागदावर हा पैसा उमटतच नाही.

तरी मर्यादा काढता येते. ५० कंपन्या १३० रात्री रोज खेळल्या तर ६,५०० प्रयोग. याहून जास्त होणे कठीण. प्रत्यक्षात निम्म्या रात्री भरल्या असे धरू: ३,२५०. समजा कोणी उलाढाल ५० कोटी सांगितली, तर एका प्रयोगाला १ लाख ५४ हजार जमले पाहिजेत. सरासरी १०० रुपये तिकीट धरले तर १,५४० प्रेक्षक. गडचिरोलीच्या खेड्याची सरासरी लोकसंख्या ५७० च्या आसपास आहे. एका रात्रीच्या नाटकाला पावणेतीन गावे लागतात, तीही तान्ह्या मुलांसकट. म्हणून नाटक ठरले की लेकी-जावयांना, सोयऱ्याधायऱ्यांना निरोप जातात. म्हणून मोठी गावे आधी तारीख धरतात आणि लहान गावे त्यांच्या तारखा पाहून आपली ठरवतात. शेजारच्या गावात त्याच रात्री दुसरी कंपनी उतरली, तर दोन्ही मंडळांचा तोटा पहिल्या अंकाआधीच पक्का झालेला असतो.